सलाइन कुणाला उपयोगी? पाय उचलून चाचणी

अत्यवस्थ रुग्णाचा रक्तदाब घसरल्यास शिरेवाटे सलाइन देणे हा प्रचलित उपाय आहे. त्यामुळे हृदयाकडे परतणारे रक्त वाढते, स्नायू अधिक ताणले जातात आणि प्रत्येक ठोक्यागणिक जास्त रक्त बाहेर फेकले जाते. मात्र या ताणाला मर्यादा असते. ती ओलांडल्यावर लाभ थांबतो आणि जादा पाणी फुप्फुसांत साचू लागते. अतिदक्षता विभागातील जवळपास निम्म्याच रुग्णांचे हृदय सलाइनला प्रतिसाद देते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

युगांडा, केनिया व टांझानियातील तापाने अत्यवस्थ झालेल्या ३,१४१ बालकांवरील चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. वेगाने द्रव दिलेल्या बालकांपैकी सुमारे १०.५ टक्के ४८ तासांत दगावली. तसा न दिलेल्यांत हे प्रमाण ७.३ टक्के होते.

सलाइनचा थेंबही न देता अंदाज घेण्याचा मार्ग म्हणजे पाय उचलण्याची चाचणी. अर्धवट बसत्या रुग्णाचे धड आडवे करून, पलंगाच्याच साहाय्याने पाय ४५ अंश उचलले जातात. पाय व पोटातील सुमारे ३०० मिलिलिटर रक्त हृदयाकडे सरकते. मिनिटभरात हृदयातून बाहेर पडणारे रक्त किमान १० टक्के वाढल्यास प्रतिसाद आहे, असे मानतात. हे मोजमाप सोनोग्राफीसारख्या साधनांनी करावे लागते. केवळ रक्तदाब पाहणे पुरेसे नसते. पाय खाली घेताच रक्त परतते, त्यामुळे अपाय टळतो. पोटातील दाब वाढलेला असल्यास मात्र चाचणी फसवी ठरू शकते.

प्रतिसाद मिळाला म्हणून सलाइन द्यायलाच हवे, असेही नाही. निरोगी माणसाचे हृदयही असाच प्रतिसाद देते.