मळीची वाइन

परभणीच्या मे महिन्यातून निघालात, म्हणून अंगात सुती सदरा. लंडनच्या डिसेंबरात तो काय कामाचा! साल १६६२, तारीख १७. ग्रेशम कॉलेजात रॉयल सोसायटीची बैठक भरली आहे. कुडकुडत तुम्ही मागच्या बाकावर बसता. डॉक्टर क्रिस्टोफर मेरेट यांचा वाइनवरचा निबंध सादर होतो आहे. त्यात ते सांगतात की, इथले पिंपवाले आताशा हरतऱ्हेच्या वाइनमध्ये भरपूर साखर आणि मळी घालतात, त्यानं ती तरतरीत आणि फसफसती होते.

मळी म्हटल्यावर तुम्ही सावरून बसता. गळिताच्या दिवसांत कारखान्याच्या वाटेनं जाताना काचा लावल्या तरी गाडीत शिरतो, तोच हा वास. आणि ज्या दों पेरिन्याँच्या नावावर जग हे बुडबुडे खपवतं, तो साधू फ्रान्समधल्या ओव्हिलेच्या मठात यायला अजून सहा वर्षं आहेत.

बैठक संपल्यावर एखाद्या पिंपवाल्याच्या तळघरात उतरा. त्यानं पुढे केलेली बाटली जड, काच काळपट. जहाजांसाठी झाडं वाचावीत म्हणून पहिल्या जेम्स राजानं १६१५ मध्ये काचभट्ट्यांना लाकूड बंद केलं. मग दगडी कोळसा आला, आच वाढली, काच दणकट झाली. यीस्ट साखर खातं आणि वायू सोडतं; तो कोंडून धरायला अशीच बाटली लागते. फ्रान्समधल्या पातळ बाटल्या फुटतात. मेरेटसाहेबांनी काचेवरचं नेरीचं इटालियन पुस्तकही याच वर्षी इंग्रजीत आणलंय. वाइन आणि बाटली, दोन्हींची जाण असलेला माणूस!

घोट घ्या. आधी नाकात झिणझिण्या, मग गोड, आणि मागून मळीचा कडवटपणा. गाळ दाताखाली येतो. खरं सांगायचं तर फारशी बरी नाही. साखर कुठली, एवढं मात्र विचारा. बार्बाडोसची, ऊस गुलामांनी तोडलेला. दिवाळीनंतर गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यातून ट्रॅक्टरवर बिऱ्हाड लादून निघणारे ऊसतोडीचे कोयते तुम्ही पाहिलेत. दुसरा घोट सावकाश जातो.

आता थेट १९९० च्या दशकाच्या अखेरीला, वेस्ट ससेक्समधल्या नायटिंबरला या. शिकागोच्या स्टुअर्ट आणि सँडी मॉस या जोडप्यानं १९८८ मध्ये इथं वेली लावल्या. पेल्यात आहे ती १९९२ च्या पिकाची, म्हणजे या वेळी द्राक्षंही इंग्लंडचीच. पेला दांडीला धरा, हाताची ऊब लागू देऊ नका. गटकन पिऊ नका. उन्हाळा थंड, द्राक्ष हळू पिकतं, म्हणून आंबटपणा टिकतो: हिरवं सफरचंद, लिंबाची साल. जरा थांबा. यीस्टच्या गाळावर काही वर्षं निजलेल्या या वाइनमधून तव्यावरच्या भाकरीच्या पापुद्र्याचा वास वर येतो. लंडनच्या त्या घोटात हे नव्हतं.

परतताना वाट वाकडी करून १९८० च्या दशकातल्या नारायणगावात उतरा. शामराव चौगुले यांच्या इंडेजनं फ्रान्सच्या पायपर-हाइडसिकची मदत घेऊन इथं ‘ओमर खय्याम’ काढली आहे. अडचण ससेक्सच्या नेमकी उलटी. ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की आपलं ऊन द्राक्षात भराभर साखर भरतं आणि आंबटपणा पळवतं. म्हणून घड लवकर उतरवायचा. उलट्या खोचलेल्या बाटल्या थोड्या थोड्या फिरवत गाळ तोंडाशी आणायचा, मान गोठवायची आणि झाकण उडवायचं. ही वाइन पुढे लंडनच्या दुकानांत जाणार आहे.

कामगार एक बाटली उचलतो. झाकण उडताना गाळाबरोबर किती वाइन जाईल, याचा नेम नसतो. तुमच्या तोंडून सवयीनं निघतं, “बनी तो बनी, नहीं तो परभणी!” फटकन झाकण उडतं. हात पुसत तो विचारतो, “परभणीत पण बनवता व्हय?”