जखम किती भरू द्यावी? स्टेंटच्या इतिहासातील एक प्रश्न

ऑक्टोबर २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका भारतीय चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दिल्लीतील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. उपेंद्र कौल यांच्या नेतृत्वाखाली देशातील ४६ केंद्रांत झालेल्या या चाचणीत मधुमेह असलेले १,८३० रुग्ण सहभागी होते. 'टक्सिडो' या नावाने ती ओळखली जाते. मधुमेही रुग्णाच्या हृदयधमनीत बसवायच्या स्टेंटवर कोणते औषध असावे, हा तिचा प्रश्न होता. तो वरकरणी तांत्रिक वाटतो. परंतु दुखावलेली धमनी बरी कशी होते, हे समजून घेण्याचा जवळजवळ चार दशकांचा इतिहास त्यामागे उभा आहे.

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी एका ३८ वर्षांच्या रुग्णाच्या अरुंद झालेल्या हृदयधमनीत इवलासा फुगा नेऊन फुगवला आणि छाती न उघडता रक्तप्रवाह मोकळा केला. अँजिओप्लास्टीचा हा आरंभ. मात्र पुढे असे दिसू लागले की, दहापैकी तीन-चार रुग्णांत तीच जागा काही महिन्यांत पुन्हा अरुंद होते.

याची कारणे तीन. धमनीची भिंत लवचीक असते. ताणून सोडली की ती काही अंशी लगेच मागे येते. पुढील काही महिन्यांत दुखावलेली भिंत आतल्या बाजूस आक्रसते. तिसरे कारण सर्वांत गुंतागुंतीचे. फुगा मेदाच्या थराला तडे देतो आणि धमनीचे आतले नाजूक अस्तर खरवडून काढतो. उघड्या पडलेल्या जागेवर प्लेटलेट चिकटतात, त्यांतून वाढीचे संदेश देणारी प्रथिने स्रवतात, आणि भिंतीच्या मधल्या थरातील स्नायुपेशी आत सरकून भराभर विभागू लागतात. ही जखम भरण्याचीच क्रिया आहे. त्वचेवर असा व्रण उमटला तर फारसे बिघडत नाही. पण तीन मिलिमीटर व्यासाच्या नळीत तो जीवघेणा ठरू शकतो. संथ, सरळ प्रवाहात नळीची त्रिज्या निम्मी झाली की प्रवाहाला होणारा विरोध सोळापट वाढतो.

पहिल्या दोन कारणांवर उपाय सापडला तो धातूच्या जाळीचा. १९८६ मध्ये तुलूझ येथे जाक प्युएल यांनी आणि लोझान येथे उलरिख सिगवार्ट यांनी मानवी हृदयधमनीत स्टेंट बसवले. १९९४ च्या 'बेनेस्टेंट' चाचणीत पुनर्संकोचाचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आले. जाळीने भिंतीला मागे येऊ दिले नाही. परंतु धातूच्या सततच्या उपस्थितीने पेशींची वाढ उलट अधिकच चेतवली गेली.

तिसऱ्या कारणावरील औषध आले ते अनपेक्षित दिशेने. १९६४ मध्ये ईस्टर बेटावरून आणलेल्या मातीतील एका जिवाणूपासून माँट्रिअलच्या आयर्स्ट प्रयोगशाळेत सुरेंद्रनाथ सहगल यांनी रॅपामायसिन वेगळे केले. सहगल हे बनारस हिंदू विद्यापीठाचे विद्यार्थी. १९८०च्या दशकात हा प्रकल्प गुंडाळला गेला, तेव्हा त्यांनी त्याचा साठा घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवला. हे औषध पेशीला मारत नाही. विभाजनाच्या उंबरठ्यावर तिला थांबवते. त्याचा लेप दिलेल्या स्टेंटच्या 'रॅव्हेल' चाचणीत (२००२) सहा महिन्यांनंतर पुनर्संकोच एकाही रुग्णात आढळला नाही. साध्या स्टेंटच्या गटात तो सुमारे २७ टक्के होता.

प्रश्न सुटला असे वाटत असतानाच त्याची दुसरी बाजू पुढे आली. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या आणि पुढे अमेरिकेत कार्यरत असलेल्या विकृतिशास्त्रज्ञ रेणू विरमाणी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत रुग्णांच्या धमन्यांतील स्टेंट तपासले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात साध्या स्टेंटवर सरासरी ९० टक्के पृष्ठभागावर नवे अस्तर आले होते. औषधी स्टेंटवर जेमतेम ५६ टक्के. जे औषध स्नायुपेशींना रोखत होते, तेच अस्तराच्या पेशींनाही अडवत होते. उघड्या राहिलेल्या धातूवर महिन्यांनी, कधी वर्षांनीही, रक्ताची गुठळी धरू शकत होती.

म्हणून पुढच्या पिढीत केवळ औषधच नव्हे, तर त्याला धरून ठेवणारा लेप आणि तारांची जाडीही बदलली. सुरुवातीच्या औषधी स्टेंटची तार सुमारे १४० मायक्रॉन जाड होती; पुढे ती ८० च्या आसपास आली. जाड तारेमागे रक्त घोटाळते, मंदावते आणि गुठळीला वाव मिळतो. बारीक तार अस्तराखाली लवकर झाकली जाते.

'टक्सिडो'चे महत्त्व इथे कळते. मधुमेहात पेशींची वाढ अधिक जोमाने होते. शिवाय रॅपामायसिनच्या कुळातील औषधे ज्या संदेशमार्गावर काम करतात, तो इन्सुलिनशी निगडित आहे. त्यामुळे मधुमेहींसाठी पॅक्लिटॅक्सेलही तितकेच प्रभावी ठरेल, असा युक्तिवाद होता. चाचणीतील दोन्ही स्टेंटच्या तारा जवळपास सारख्याच बारीक होत्या, म्हणजे तुलना मुख्यतः औषध आणि लेप यांची होती. वर्षभरात उपचार केलेल्या धमनीशी निगडित अपयश पॅक्लिटॅक्सेल गटात ५.६ टक्के, तर रॅपामायसिन-कुळातील एव्हरोलिमस गटात २.९ टक्के आढळले. स्टेंटमध्ये गुठळी होण्याचे प्रमाण अनुक्रमे २.१ आणि ०.४ टक्के होते.

धमनी पुन्हा अरुंद होणे म्हणजे दुसरी शस्त्रक्रिया आणि दुसरा खर्च. ॲडव्होकेट बीरेंदर सांगवान यांनी स्टेंटच्या किमतींचा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात नेला. २०१६ मध्ये स्टेंटचा अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत समावेश झाला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये साध्या स्टेंटची कमाल किंमत ७,२६० रुपये, तर औषधी स्टेंटची २९,६०० रुपये ठरली. त्याआधी औषधी स्टेंटसाठी रुग्णाला लाखाहून अधिक रुपये मोजावे लागत असत.

तरीही प्रश्न पुरता संपलेला नाही. काही वर्षांनी स्टेंटच्या आतील नव्या थरातही मेद साचू शकतो. आपल्या घरात कोणाला स्टेंट बसवला असेल, तर ॲस्पिरिनसोबत दिलेली दुसरी गोळी महिनोन्‌महिने का चालते, याचे उत्तर वरच्या इतिहासात आहे: आतली जखम अजून झाकली जात असते, आणि बाहेरून ते दिसत नाही. बरे वाटू लागले म्हणून ती गोळी परस्पर थांबवू नये. तो निर्णय डॉक्टरांवर सोपवावा.