आरमाराने वसवलेलं गाव : जपानमधलं कुरे

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, पण शाळेच्या आठवणी नकोत, त्या पुष्कळ जमल्या आहेत, असा संपादक मंडळातल्या मित्राचा निरोप आला तेव्हा मला हायसंच वाटलं. मग म्हटलं, इतिहासाच्या तासाला जे राहून गेलं त्यातलंच एक सांगावं. दुसरं महायुद्ध आपल्याला जेमतेम दोन तासांत शिकवलं गेलं. पर्ल हार्बर, हिरोशिमा, नागासाकी, आणि घंटा. सर-बाईंना दोष नाही, अभ्यासक्रमच तेवढा होता. त्यामुळे हिरोशिमा ठाऊक नाही असा आपल्यात कुणी नाही, पण तिथून अवघ्या वीसेक किलोमीटरवर असलेल्या कुरे बंदराचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नसेल. माझा नोकरीत जहाजदुरुस्तीशी संबंध आला आणि बंदरांचे इतिहास वाचायची खोडच लागली. त्यात कुरेसारखी गोष्ट मला दुसरी सापडली नाही.

आधी जागा समजून घेऊ. होन्शू, शिकोकू आणि क्यूशू या तीन बेटांच्या मधोमध सेतो नावाचा शांत, बेटांनी भरलेला समुद्र आहे. त्याच्या उत्तर काठावर कुरे. पाठीशी ७३७ मीटर उंचीचा हाइगामिने डोंगर, समोर एताजिमा आणि कुराहाशी ही बेटं, पाणी खोल आणि आत यायच्या वाटा अरुंद. उघड्या समुद्रातून कुणी तोफ डागीन म्हटलं तर शक्य नाही. कोकणातल्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. आंग्र्यांचं आरमार विजयदुर्गाच्या आडोशाने वाघोटणच्या खाडीत राहायचं, ते याच हिशेबाने.

१८८० च्या दशकात मेइजी सरकारने नवं आरमार उभारायला घेतलं, तेव्हा योकोसुकाचा तळ तयार होता. पश्चिमेकडे आणखी तळ हवे होते, म्हणून १८८९ मध्ये कुरे आणि सासेबो ही दोन मुख्यालयं सुरू झाली. चौथं माइझुरू १९०१ मध्ये आलं. कुरे तोवर शेती आणि मासेमारी करणाऱ्या वाड्या होत्या. एमिल बेर्तँ नावाचा फ्रेंच नौका-अभियंता सल्ल्याला होता. गावकऱ्यांच्या जमिनी गेल्या, घरं उठली. कामेयामा हे तिथलं जुनं देवस्थान, तेही हलवलं गेलं, आणि त्या टेकडीवर पुढे आरमारप्रमुखाचा बंगला उभा राहिला. धरणाखाली गेलेल्या गावांमधले आपले काही वर्गमित्र आहेत. देव हलवणं म्हणजे काय ते त्यांना विचारावं.

नाविक अधिकाऱ्यांची अकादमी १८८८ मध्येच तोक्योहून समोरच्या एताजिमावर आली होती. १९०२ मध्ये कुरे शहर झालं. १९०३ मध्ये जहाजबांधणी आणि तोफांचे कारखाने एकत्र करून मोठा आरमारी कारखाना झाला आणि त्याच वर्षी हिरोशिमाकडून रेल्वे आली. आता गावात दोनच प्रकारची माणसं उरली असं म्हटलं तरी चालेल : आरमारात असलेली आणि आरमारावर पोट असलेली.

इथे एक खाण्याची गोष्ट सांगतो. बटाटा, मांस आणि कांदा गोडसर रश्श्यात शिजवून 'निकुजागा' नावाचा घरगुती पदार्थ जपानभर करतात. अॅडमिरल तोगो यांनी इंग्लंडमध्ये खाल्लेल्या स्ट्यूच्या आठवणीने तो जहाजावरच्या आचाऱ्यांकडून करवून घेतला, अशी दंतकथा आहे. तोगो माइझुरूचे पहिले प्रमुख, म्हणून माइझुरू म्हणतं पदार्थ आमचा. ते त्याआधी कुरेला अधिकारी होते, म्हणून कुरे म्हणतं आमचा. मिसळ कुणाची, हा आपल्याकडचा वाद काही निराळा नाही.

कारखान्याचा पगार चांगला होता, पण शिस्त लष्करी. तरीही १९१२ मध्ये तिथे मोठा संप झाला. जास्त झळ बसली ती दूरच्या निर्णयांची. १९१९ मध्ये कुरेत 'नागातो' ही युद्धनौका पाण्यात उतरली, तेव्हा तिच्या ४१ सेंटीमीटर तोफा जगात सर्वांत मोठ्या होत्या. तीनच वर्षांनी वॉशिंग्टनमध्ये मोठ्या देशांनी युद्धनौकांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा करार केला. जगाच्या दृष्टीने ती शांततेची बातमी. कुरेत तिचा अर्थ हजारो कामगारांना घरी बसवणं एवढाच झाला. निम्मी बांधून झालेली 'आकागी' मोडीत काढण्याऐवजी विमानवाहू करायचं ठरलं आणि १९२५ मध्ये ती पाण्यात गेली. पुढे पर्ल हार्बरवर विमानं घेऊन गेली ती हीच.

मग 'यामातो'. ४ नोव्हेंबर १९३७ ला कुरेच्या गोदीत तिची बांधणी सुरू झाली. लांबी २६३ मीटर, पूर्ण भारासह वजन सुमारे ७२ हजार टन, ४६ सेंटीमीटरच्या नऊ तोफा. एवढं धूड गावाच्या मधोमध उभं राहत होतं, आणि गावाने ते पाहायचं नव्हतं! गोदीवर छप्पर घातलं, आडोसे केले. किनाऱ्याने जाणाऱ्या आगगाडीत समुद्राच्या बाजूच्या खिडक्यांची झापं पाडायला लावत. ज्यांच्या घरातले पुरुष रोज त्या जहाजावर रिव्हेट ठोकत, त्यांनीही जेवताना त्याविषयी बोलायचं नाही.

पर्ल हार्बरनंतर आठवड्याभराने, १६ डिसेंबर १९४१ ला, यामातो आरमारात दाखल झाली. तोवर लढाईची रीतच पालटली होती, आणि ती पालटण्यात कुरेच्याच आकागीचा हात होता. विमानांपुढे तोफांची लांबी कामाची नव्हती. ७ एप्रिल १९४५ ला ओकिनावाकडे निघालेली यामातो अमेरिकन विमानांनी दुपारीच बुडवली. जहाजावरची तीन हजारांहून अधिक माणसं गेली.

पुढचे चार महिने कुरेवरच बाँब पडत होते. २२ जूनला बी-२९ विमानांनी आरमारी कारखाना उद्ध्वस्त केला. तिथे तेव्हा कामाला जुंपलेल्या शाळकरी मुलीही होत्या. १ जुलैच्या रात्री शहरावर आगीचे बाँब पडले आणि सुमारे दोन हजार लोक मेले. डोंगरात खोदलेल्या निवाऱ्यांत कित्येक जण गुदमरून गेले. जुलैअखेरच्या हल्ल्यांत 'हारुना', 'इसे', 'ह्युगा' या नौका बंदरातच बसल्या. ६ ऑगस्टला सकाळी डोंगरापलीकडे ढग उठला तो कुरेतून दिसला, आणि इथून मदत पथकं हिरोशिमाकडे निघाली. ज्यांना हा काळ घरातल्या बाईच्या नजरेतून पाहायचा आहे त्यांनी 'इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड' हा २०१६ चा अॅनिमेशनपट जरूर पाहावा. तो कुरेचाच आहे.

आता जो भाग आपल्याकडे अगदीच कमी सांगितला जातो तो. जपानच्या या भागाचा ताबा ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या फौजेकडे आला आणि तिचं बंदर होतं कुरे. १९४६ च्या वसंतात या फौजेतली ब्रिटिश-इंडियन डिव्हिजन इथेच उतरली. तिच्या २६८ व्या ब्रिगेडचे प्रमुख होते थिमय्या, जे पुढे आपले लष्करप्रमुख झाले. आणि त्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती. यामातो बुडाल्यानंतर दोनच दिवसांनी, ९ एप्रिल १९४५ ला, इटलीत सेनियो नदीवर नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तो याच बटालियनमध्ये. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौसैनिकांचा उठाव झाला होता, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच आपल्या मावळी मुलखातले शिपाई साम्राज्याच्या वतीने हरलेल्या जपानच्या बुडक्या युद्धनौकांमधून वाट काढत धक्क्याला लागले. ब्रिगेड शिमाने प्रांतातल्या मात्सुएला गेली. १९४७ मध्ये भारतीय तुकड्या परतल्या. त्या शिपायांनी घरी काय सांगितलं असेल, हे ऐकायला मी काहीही देईन. आपल्यापैकी कुणाच्या आजोबांची पत्रं, फोटो असतील तर मला नक्की कळवा.

इकडे कुरेची लोकसंख्या युद्धकाळात चार लाखांच्या घरात गेली होती ती दीड लाखावर आली. गावाला एकच धनी होता आणि तो गेला होता. जपानच्या नव्या राज्यघटनेत अशी तरतूद आहे की, एखाद्याच गावाला लागू होणारा कायदा करायचा तर त्या गावाचं मत घ्यावं लागतं. त्याप्रमाणे ४ जून १९५० ला योकोसुका, कुरे, सासेबो आणि माइझुरू या चारही गावांनी मतदान केलं. आरमाराच्या मालमत्ता उद्योग-व्यापाराला द्याव्यात आणि ही बंदरं शांततेची औद्योगिक शहरं व्हावीत, असा तो कायदा. चारही ठिकाणी प्रचंड बहुमताने तो मान्य झाला. तळ उभारताना किंवा यामातो बांधताना कुरेला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं ते या एकदाच.

कायदा लागू झाला २८ जूनला. कोरियाचं युद्ध सुरू झालं होतं २५ जूनला. राष्ट्रकुलाच्या फौजा कोरियाला गेल्या त्या कुरेवरूनच.

तरीही पुढच्या पंचवीस वर्षांत गावाने कमाल केली. यामातोच्या कारखान्यातले कसबी हात आणि अवाढव्य गोद्या तशाच होत्या. १९५१ मध्ये लुडविग नावाच्या अमेरिकन जहाजमालकाने त्या भाड्याने घेतल्या. जहाजाचे भाग जमिनीवर वेगवेगळे तयार करायचे आणि गोदीत आणून जोडायचे, ही पद्धत तिथे पक्की बसली. १९५८ च्या अखेरीस 'युनिव्हर्स अपोलो' पाण्यात उतरली, एक लाख टनांवर माल वाहणारी जगातली पहिली तेलवाहू नौका. जहाजधंद्यातला माणूस म्हणून सांगतो, यामातोपेक्षा या जहाजाने जग जास्त बदललं. पण मॉडेलं यामातोचीच विकली जातात.

कारखान्याच्या जागेवर पोलादाचा प्रकल्पही आला. आणि १९५४ मध्ये 'स्वसंरक्षण' असं नाव घेऊन आरमारही परत आलं. आज तिथे पाणबुड्या रस्त्यावरून दिसतात. १९९१ च्या एप्रिलमध्ये इराणच्या आखाताकडे सुरुंग काढायला निघालेल्या ताफ्यात कुरेच्या नौकाही होत्या. २००५ मध्ये यामातोचं संग्रहालय उघडलं आणि एक दशांश आकाराची, २६.३ मीटरची प्रतिकृती पाहायला लोकांची रीघ लागली. जे एकेकाळी खिडकीतून पाहायला बंदी होती, त्याचं आता तिकीट आहे.

पोलाद कारखान्याच्या भट्ट्या २०२१ मध्ये थंड झाल्या आणि २०२३ च्या सप्टेंबरमध्ये तो बंदच झाला. तीन हजारांच्या आसपास लोकांच्या पोटाचा प्रश्न होता. गिरणगाव पाहिलेल्यांना चित्र डोळ्यांपुढे येईल. १३० हेक्टर मोकळी जागा, धक्क्याला लागून. २०२४ च्या मार्चमध्ये जपानच्या संरक्षण मंत्रालयाने ती सगळी विकत घेऊन तिथे संरक्षण तळ करायची तयारी दाखवली. गावात काही जण म्हणतात, काम मिळेल, माणसं टिकतील. काही जण २ जुलैची सकाळ आठवून घाबरतात. १९५० चा तो कायदा मात्र अजून रद्द झालेला नाही.