चारशे वेळा

मास्तरकीवर पोट भरणाऱ्या प्रत्येकाने रब्बी परीदा यांची गोष्ट एकदा तरी ऐकावी. ज्यू लोकांच्या तालमूद नावाच्या प्रचंड ग्रंथात ती आहे. इसवी सनाच्या पहिल्या पाच-सहा शतकांतल्या पंडितांच्या वादसंवादांतून हा ग्रंथ तयार झाला, तेव्हा गोष्ट चांगलीच जुनी म्हणायची. परीदांपाशी एक मंद शिष्य होता. कोणताही धडा चारशे वेळा सांगितल्याशिवाय त्याच्या डोक्यात शिरत नसे, आणि परीदा तो चारशे वेळा सांगत. एके दिवशी गुरुजींना कसल्याशा धर्मकार्याचे बोलावणे आले. धडा नेहमीप्रमाणे चारशे वेळा झाला, तरी शिष्याच्या पदरात काही पडेना. आज असे का, म्हणून विचारले तेव्हा तो म्हणाला की, बोलावणे आल्यापासून माझे चित्तच थाऱ्यावर नाही. गुरुजी आता उठतील, मग उठतील, असेच वाटत राहिले. परीदांनी त्याला नीट लक्ष द्यायला सांगितले आणि तोच धडा आणखी चारशे वेळा म्हटला.

पुढे आकाशवाणी होऊन गुरुजींना दीर्घायुष्य आणि परलोक दोन्ही मिळाले, असे ग्रंथ सांगतो. त्या बक्षिसाचे मला फारसे अप्रूप नाही. मला मोल वाटते ते त्या शिष्याच्या उत्तराचे. वर्गात मागच्या बाकावर बसणारी मुले धडा ऐकण्याआधी मास्तरांच्या पायांकडे बघतात, हे माझ्यासारख्या मॅट्रिक मास्तरालाही ठाऊक आहे.

त्याच ग्रंथात शाळेचा इतिहास आला आहे. पूर्वी ज्याचा बाप हयात तो बापापाशी शिके आणि पोरका तसाच राही. म्हणून आधी यरुशलेममध्ये, मग प्रांताप्रांतांतून गुरुजी नेमले गेले; पण मुले सोळा-सतरा वर्षांची झाल्यावर दाखल होत आणि गुरुजी रागावले की चालू लागत. अखेर पहिल्या शतकात यहोशुआ बेन गमला ह्या मुख्य याजकाने गावोगाव गुरुजी नेमून सहा-सात वर्षांच्या मुलांना बसवले. एका गुरुजींकडे पंचवीस मुले असावीत, चाळीस झाली तर गावाच्या खर्चाने मदतनीस द्यावा, पन्नास झाली तर दुसरा गुरुजी, असा हिशेबही पुढे ठरला. (आमच्या वर्गांच्या पटावर मी इथे काही बोलत नाही.) मारायचेच तर वहाणेच्या बंदाने मारावे, जो शिकेल तो शिकेल, न शिकेल त्याला निदान दुसऱ्याची सोबत म्हणून बसू द्यावे, असाही सल्ला आहे. हा सल्ला ज्यांना मिळाला, त्या शमुएल बार शिलत ह्या गुरुजींना एकदा कोणीतरी भर दिवसा आपल्या बागेत उभे पाहून हटकले. त्यांनी सांगितले की तेरा वर्षांत बागेचे तोंड पाहिलेले नाही, आणि आत्ताही मन मुलांपाशीच आहे.

नियम असे असले तरी ग्रंथ काही सोपा नव्हे. भाषा हिब्रूमिश्रित अरामी. त्यात स्वरचिन्हे नाहीत, विरामचिन्हे नाहीत. प्रश्न कुठे संपला आणि उत्तर कुठे सुरू झाले, हे वाचणाऱ्याने ओळखायचे. आपल्या आजोबांची मोडी दप्तरे ज्यांनी पाहिली असतील त्यांना थोडी कल्पना येईल. अकराव्या शतकात फ्रान्समधल्या त्रॉय गावच्या राशी ह्या पंडितांनी (१०४०–११०५) ओळीओळीला समजूत लिहून ठेवली. शब्द फारच अडला तर ते गावात बोलल्या जाणाऱ्या फ्रेंचमधला प्रतिशब्द खुशाल देत. सोळाव्या शतकात व्हेनिसमध्ये संपूर्ण तालमूद छापला गेला, तेव्हा पानाच्या मधोमध मूळ ग्रंथ आणि त्याला चिकटून राशींची टीका आली. ती मांडणी आजतागायत चालू आहे.

तरीही शतकानुशतके मुले अडतच राहिली. पूर्व युरोपात गुरुजींच्या घरातल्या एका खोलीत शाळा भरे. तुटपुंज्या पगाराचा गुरुजी आणि हातात छडी, हे चित्र आपल्या तात्या पंतोजींपेक्षा निराळे नव्हते.

१९३७ साली यरुशलेममध्ये जन्मलेल्या आदिन स्टाइनसाल्त्झ यांच्या घरी धर्माचे वातावरण नव्हते. पण मुलगा नास्तिक झाला तरी चालेल, अडाणी राहता कामा नये, असे म्हणून वडिलांनी दहाव्या वर्षी त्याला तालमूदची शिकवणी लावली! ह्या शिकवणीच्या मुलाने १९६५ पासून सबंध ग्रंथाला स्वरचिन्हे आणि विरामचिन्हे देऊन आजच्या हिब्रूत अर्थ लिहायला घेतला. काम २०१० साली संपले. काही ज्येष्ठ रब्बींना हा उद्योग रुचला नाही, आणि १९८९ साली त्यांच्या लेखनाचा उघड निषेधही झाला. ग्रंथाशी झुंज द्यावी लागते म्हणूनच बुद्धीला धार येते, असे मानणाऱ्यांचा एक पक्ष आहे. त्यांचे म्हणणे अगदी वेडगळ नाही. पण हे म्हणणारे सगळे झुंज जिंकलेले असतात.

आपल्या कोकणात तर ग्रंथच हरवला होता. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचलेल्यांचे आपण वंशज, असे बेने इस्राएल लोक सांगतात. ते घाण्यावर तेल काढीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. शमा ही एक प्रार्थना तोंडी उरली होती. त्यांची मुंबईतली पहिली मशीद, म्हणजे सिनेगॉग, १७९६ साली झाली. पुढच्या शतकात कोचीनहून शिकवणारे आले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण काढले. त्यांचा हेतू उघड होता. ह्या मंडळींनी व्याकरण घेतले आणि धर्म बहुतेकांनी आपलाच ठेवला! १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या रात्रीची पोथी, हगादा, मराठी अर्थासह छापली गेली. पुण्याच्या पोथीतल्या चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका आपल्याकडच्याच वेषात आहेत. त्या पोथीत चार मुलगे येतात. चौथ्याला प्रश्नसुद्धा विचारता येत नाही, आणि त्याच्यासाठी बापाने आपणहून तोंड उघडावे, असे सांगितले आहे. घाण्याच्या घरातल्या मुलांना ही गोष्ट मराठीतून कळली.

आता शिकवणी संगणकाच्या पडद्यावर आली आहे. २०१७ साली स्टाइनसाल्त्झ यांच्या तालमूदाचे इंग्रजी भाषांतर तिथे विनामूल्य खुले झाले, आणि २०२० च्या महामारीने तर घरोघर पडदे उघडले. ज्या गावात ज्यूंची दोनच घरे, तिथल्या मुलाला दुसऱ्या देशातले गुरुजी मिळतात. बेत आणि काफ, दालेत आणि रेश ह्या अक्षरांच्या जोड्या आपल्या घ-ध सारख्या फसव्या. त्यांत गोंधळणाऱ्या मुलासमोर एकच अक्षर पडदाभर मोठे करता येते. चाळीसजणांसमोर अडखळण्याची लाज नाही. जोडीने बसून वाचण्याची तालमूदची जुनी रीतही ह्या एकास-एक शिकवणीला जवळची. तोच उतारा ध्वनिमुद्रित करून ठेवला तर यंत्र तो चारशेच काय, आठशे वेळा म्हणेल.

पण तासाचे पैसे ठरलेले असतात आणि पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ चालू असते. परीदांच्या शिष्याची अडचण ह्या यंत्राने सुटली की रोजची झाली, हे मला ठरवता येत नाही. चांगले गुरुजी तास संपल्यावरही दोन ओळी थांबतात.

मुलगा तेरा वर्षांचा झाला की बहुधा शनिवारी त्याला सर्वांसमोर तोराच्या गुंडाळीतून वाचावे लागते. गुंडाळीत स्वरचिन्हे नाहीत, सुरांच्या खुणा नाहीत; हातात चांदीचा छोटा दर्शक, आणि चूक झाली तर बाजूला उभे असलेले मोठ्याने दुरुस्त करणारे. कर्मठ घरांत शब्बाथला विजेचे कोणतेही यंत्र चालवत नाहीत. त्यामुळे ज्याने वर्षभर पडद्यावरून शिकवले, तो गुरुजी नेमका त्या दिवशी तिथे कुठल्याच वाटेने हजर राहू शकत नाही. सूर्य मावळून तीन चांदण्या दिसेपर्यंत तो आपल्या घरी वाट पाहतो. मग फोन वाजतो.