अजिंठ्याची ध्यानचर्या

फर्दापूर (ता. सोयगाव, जि. छत्रपती संभाजीनगर) या गावापासून चार-पाच किलोमीटरवर, वाघूर नदीच्या नालाकृती वळणातील अजिंठा लेण्यांत बौद्ध भिक्षूंनी आचरलेली ध्यान, स्मृती आणि संयम यांची नित्याची रीत. लेणी एकूण 30. त्यांपैकी 9, 10, 19, 26 आणि 29 ही चैत्यगृहे. बाकीचे विहार, म्हणजे राहण्याच्या जागा. चित्रांमुळे अजिंठ्याचे नाव कलेच्या इतिहासात गेले, पण डोंगर फोडला गेला तो मुख्यतः माणसे राहावीत म्हणून. इथले ध्यान दिवसातून तासभर काढून करायची गोष्ट नव्हती. ते राहणीतच बसवलेले होते, आणि खोदकाम पाहताना ते जाणवते.

भिक्षूने चातुर्मासातले तीन महिने भटकंती थांबवून एका जागी राहावे, हा ‘वर्षावासा’चा नियम विहारांच्या मुळाशी आहे. पावसाळ्यात वाघूरच्या दरीत पाणी कसे कोसळते ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या नियमाचे प्रयोजन वेगळे सांगायला नको. जेवण मध्यान्हीपूर्वी एकदाच, त्यानंतर अन्न नाही. आजारी सोबत्याची शुश्रूषा ही संघाची जबाबदारी. ‘सतिपट्ठान’ म्हणजे स्मृतिप्रस्थान ही साधना काया, वेदना, चित्त आणि धम्म या चार अंगांनी सांगितली जाते. तिची सुरुवात श्वासाकडे लक्ष देण्यापासून होते, पण ती तिथेच थांबत नाही. चालताना, उभे असताना, बसताना, पडल्यावर, चीवर नेसताना, भिक्षापात्र उचलताना, घास चावताना, अगदी मलमूत्रविसर्जन करतानाही आपण काय करतो आहोत याचे भान सुटू नये, अशी तिची मागणी आहे. ठरावीक अंतरात येरझाऱ्या घालत करायच्या ध्यानाला ‘चंक्रमण’ म्हणत.

ही राहणी जवळून पाहायची तर गर्दीच्या पहिल्या लेण्यात न रेंगाळता क्रमांक 12 मध्ये जावे. इसवी सनापूर्वीच्या टप्प्यातला हा विहार आहे. दर्शनी भिंत पडून गेली आहे, आत चित्र नाही, मूर्ती नाही. त्यामुळे वाटाडे इथे फारसे थांबत नाहीत. मधे चौरस मोकळा मंडप, तिन्ही बाजूंना चार-चार अशा बारा कोठड्या. प्रत्येक कोठडीत दगडातच कोरलेले दोन ओटे, आणि त्यांच्या उशाशी दगडाचाच उंचवटा. म्हणजे खोलीत दोघे. घनामदड नावाच्या एका व्यापाऱ्याच्या दानाचा लेख इथे आहे. कोठडीच्या दारावर चैत्यकमानीची नक्षी आहे; आत मात्र काहीच नाही. निजायला जागा आणि बसायला जागा एकच. ओट्यावरून उठलेला माणूस चार पावलांत मंडपात येतो आणि तिथे बाकीचे तेवीस जण असतात. एकांत आणि सोबत यांची ही वाटणी मुद्दाम केलेली दिसते.

पाचव्या शतकात, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळी, दुसऱ्यांदा मोठे काम झाले. त्याचा मंत्री वराहदेव याने 16 वे लेणे दिले, तर 26 वे बुद्धभद्र या भिक्षूने करवले. आता विहाराच्या मागच्या भिंतीत गर्भगृह आले, त्यात बुद्धमूर्ती आली आणि भिंती जातककथांनी भरल्या. या चित्रांना सजावट म्हणणे अपुरे आहे. 2 ऱ्या लेण्यात क्षांतिवादी जातकाचे चित्र आहे: राजा तपस्व्याचे अवयव तोडतो आणि तपस्वी रागावत नाही. तिथेच आर्यशूराच्या ‘जातकमाला’ ग्रंथातले श्लोक रंगात लिहिलेले आढळले. 17 व्या लेण्याच्या ओसरीत डाव्या बाजूला भवचक्र, म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्याचे चित्र, आहे. विहाराच्या प्रवेशाशी असे चक्र रंगवावे आणि येणाऱ्यांना ते समजावून सांगण्यासाठी एक भिक्षू नेमावा, असे मूलसर्वास्तिवादी विनयात, म्हणजे त्या पंथाच्या भिक्षुनियमांत, सांगितले आहे. आजचा गाइड त्या नेमणुकीचा फार लांबचा वारस म्हणायचा. गृहस्थांची गरज वेगळी होती: 4 थ्या लेण्याच्या दाराशेजारी हत्ती, सिंह, अग्नी अशा संकटांतून सोडवणारा अवलोकितेश्वर कोरला आहे. व्यापारी तांड्यांबरोबर फिरणाऱ्याला आधी सुखरूप घरी पोहोचायचे होते, निर्वाण नंतरचे.

मात्र सगळे विहार भिक्षूंनी गजबजलेले होते असे समजू नये. कलेतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी कोठड्यांच्या दारांची खुंटभोके, घासलेले आणि न घासलेले पृष्ठभाग असे तपशील तपासून या टप्प्यातले बहुतेक काम इ. स. 460 ते 480 च्या सुमारास, जेमतेम वीसेक वर्षांत, घाईने झाले आणि आश्रय तुटताच थांबले, असे मांडले. हा कालक्रम सर्वांना मान्य नाही. पण 24 वे लेणे अर्धवट आहे हे कोणालाही दिसते. पुष्कळ कोठड्यांत कोणी निजलेच नसेल.

योगाशी असलेला अजिंठ्याचा संबंध अनेकदा चुकीच्या ठिकाणी शोधला जातो. इथे सूर्यनमस्कार नाहीत, शीर्षासन नाही. पद्मासनात बसलेला किंवा 26 व्या लेण्यातल्यासारखा पाय खाली सोडून बसलेला बुद्ध, एवढीच आसने. पतंजलीच्या योगसूत्रांतही आसनाच्या वाट्याला आलेली जागा थोडीच आहे. हठयोगाचे सविस्तर ग्रंथ कित्येक शतकांनी आले. खरे साम्य आहे ते चित्ताच्या मशागतीत. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा हे बौद्धांचे चार ब्रह्मविहार आहेत आणि योगसूत्रांतही चित्त प्रसन्न ठेवण्याचा उपाय म्हणून हीच चार येतात. अनेक अभ्यासक योगसूत्रांचा काळ या दुसऱ्या टप्प्याच्या आसपासचा मानतात. दोन्ही परंपरा एकाच हवेत वाढत होत्या.

फर्दापूरचा या साऱ्याशी संबंध मुक्कामाचा आहे. इथे जुनी सराई आहे. 1909 ते 1911 च्या हिवाळ्यांत इंग्रज चित्रकार ख्रिस्तियाना हेरिंगहॅम यांनी चित्रांच्या नकला करण्यासाठी छावणी टाकली ती याच परिसरात. नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार त्यांच्याबरोबर होते. आज खासगी गाड्या फर्दापूरच्या टी-पॉइंटवर थांबतात आणि पुढे एसटीच्या बसने जावे लागते. मधल्या दुकानांतून गारगोट्यांचे चमकते दगड घ्या म्हणून विक्रेते पिच्छा पुरवतात. उपेक्षेचा सराव करायला याहून चांगली जागा जिल्ह्यात क्वचितच असेल. सोमवारी लेणी बंद असतात.

अजिंठ्यातली साधना अखंड चालत आली, असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही. संघ उठला, दरी रानाने भरली आणि 28 एप्रिल 1819 रोजी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने 10 व्या लेण्यात आपले नाव कोरले तेव्हा तिथे ध्यान करणारे कोणी नव्हते. महाराष्ट्रात ही साधना ‘विपश्यना’ या नावाने परत आली ती ब्रह्मदेशातून. सयाजी ऊ बा खिन यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका 1969 साली भारतात आले, मुंबईत त्यांनी पहिले शिबिर घेतले आणि 1976 मध्ये इगतपुरीचे धम्मगिरी सुरू झाले. छत्रपती संभाजीनगरच्या विपश्यना केंद्राचे नाव ‘धम्म अजंता’ आहे. दहा दिवसांच्या शिबिरात पहाटे चारला घंटा होते, मौन पाळायचे असते, पहिले तीन दिवस केवळ श्वासावर (आनापान) जातात, जुन्या साधकांना दुपारी बारानंतर जेवण नसते आणि शुल्क घेतले जात नाही. खर्च दानातून चालतो. 12 व्या लेण्याचा व्यापारी दाता इथे आला असता तर व्यवस्था त्याला परकी वाटली नसती. हठयोगाची वाट निराळी: स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढून आसन-प्राणायाम प्रयोगशाळेत तपासायला घेतले, तर पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी शरीराच्या रेखीव मांडणीवर भर दिला.

मन शांत ठेवण्याचे तंत्र म्हणून स्मृतिसाधना दवाखान्यात नेली ती अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी, 1979 मध्ये. त्यांचा कार्यक्रम आठ आठवड्यांचा. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ध्यानाच्या 47 चाचण्यांच्या आढाव्यात चिंता, नैराश्य आणि वेदना यांत अल्प ते मध्यम सुधारणा दिसली; औषधे किंवा व्यायाम यांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. तीव्र मानसिक आजार असलेल्यांनी दहा दिवसांच्या मौनशिबिराला जाऊ नये, असे शिबिरांच्या नियमावलीतच सांगितलेले असते. रोजच्या जगण्यात घेण्याजोगा भाग त्यामानाने साधा आहे: ठरल्या वेळी उठणे, जेवताना जेवणे, चालताना चालणे, आणि शेजारच्या ओट्यावरचा आजारी पडला तर त्याचे करणे. बाजारात विकल्या जाणाऱ्या ध्यानाच्या ॲपमध्ये यातले शेवटचे कलम सहसा नसते.