जिजाऊंचं माहेर: वाडा पाहून परत फिरू नका

आरे कॉलनीतून फिल्मसिटीकडे जाणारा रस्ता तुम्हाला माहीतच असेल. त्या बाजूला ऐतिहासिक मालिकांचे वाडे उभे राहतात. प्लायवूडचे बुरूज, रंगवलेले दगड. मालिका संपली की वाडा मोडतात आणि तिथे दुसरा सेट लागतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर जिजाऊंचं माहेर येतं, ते अशाच सेटवरचं.

पण खरं माहेर आजही आहे. बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजाला. लखुजीराव जाधवांचा राजवाडा. 12 जानेवारी 1598 ही जिजाऊंची जन्मतारीख मानतात आणि दरवर्षी त्या दिवशी इथे हजारो लोक येतात. भव्य दगडी दरवाजा, आत जुन्या भिंती, आणि जन्माची खोली म्हणून दाखवतात ती जागा.

अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन गावी अब्राहम लिंकनच्या पत्नीचं, मेरी टॉडचं, लहानपणीचं घर जपलंय. 1977 पासून ते लोकांना बघता येतं. तिथे खोल्या त्या काळासारख्या सजवल्यात. सिंदखेडला तसं सामान नाही. आहेत त्या भिंती, म्हणून घरात काय घडलं ते आपल्यालाच माहीत करून घ्यावं लागतं.

इथे गेलात की रंगपंचमीची गोष्ट हमखास ऐकायला मिळते. छोटी जिजाऊ आणि छोटा शहाजी एकमेकांवर रंग उडवतात, लखुजीराव गमतीत म्हणतात, जोडा छान दिसतो, आणि मालोजीराव भर सभेत तो शब्द धरून ठेवतात. ही बखरीतली गोष्ट. गोड आहे, पण बहुतेक लोक इथेच थांबतात.

पुढचं गोड नाही. निजामशाहीच्या दरबाराबाहेर खंडागळ्यांचा हत्ती बिथरला आणि त्या गोंधळात जाधव-भोसले एकमेकांवर तुटून पडले. जिजाऊंचा भाऊ दत्ताजी मारला गेला. शहाजीराजांचे चुलतभाऊ संभाजी लखुजीरावांच्या हातून पडले. एका बाजूला वडील, दुसऱ्या बाजूला सासर. विचार करा, अशा वेळी लेकीनं रडायचं कुणासाठी?

मग 1629 चा जुलै. देवगिरीच्या किल्ल्यात, निजामशहाच्या दरबारात, लखुजीराव, त्यांची मुलं आणि नातू यांना दगा देऊन मारलं. आता तारखा जोडून बघा. शिवरायांचा जन्म 19 फेब्रुवारी 1630, म्हणजे जेमतेम सात महिन्यांनी. माहेर उद्ध्वस्त झाल्याची बातमी आली तेव्हा जिजाऊ गरोदर होत्या.

ज्या सुलतानाची चाकरी केली, त्याच्याच दरबारात बापाचा जीव गेला. दुसऱ्याच्या दरबारात मराठ्यांच्या जिवाला किंमत किती, हे जिजाऊंना कुणी शिकवावं लागलं नाही. स्वराज्याची गोष्ट आपण शिवनेरीपासून सुरू करतो. तिचं एक मूळ या वाड्यात आहे.

म्हणून सिंदखेडला गेलात तर राजवाड्यापुढे सेल्फी काढून लगेच निघू नका. त्याच गावात लखुजीरावांची समाधी आहे, मोठी, घुमटाची. तिथेही जा. वाड्यात लेकीचं लहानपण दिसतं, समाधीपाशी ते कशानं संपलं ते कळतं.

भाग आवडला तर घरी आईला नक्की ऐकवा. भेटू पुढच्या भागात. जय जिजाऊ!