खानदेशातील गोपैदास : ठेलारींच्या खिल्लारापासून कृत्रिम रेतनापर्यंत

खानदेशच्या शेतीचा विचार करताना बैलाला जेवढे स्थान मिळते, तेवढे ज्या गाईच्या पोटी तो जन्मतो तिला मिळत नाही. वस्तुतः कापसाच्या काळ्या जमिनीची मशागत गाय कितव्या वर्षी फळते आणि तिच्या दोन वेतांत किती अंतर पडते यावरच अखेर अवलंबून होती. जळगाव व धुळे जिल्ह्यांत, म्हणजे १९०६ साली विभागल्या गेलेल्या पूर्व व पश्चिम खानदेशांत, मांसासाठी गुरे पैदा करण्याची रीत नव्हती. तथापि परदेशांतील मांसोत्पादक कळप आणि तापीकाठच्या ठेलारींचे खिल्लार यांत एक विलक्षण साम्य आढळते. दोहोंतही गाईचे उत्पन्न दूध नसून वासरू हे होय.

ठेलारी हे फिरस्ते गोपालक. त्यांनी जोपासलेली तापी-खिलार जात पांढऱ्या रंगाची, गाजरी छटेच्या नाकाची व खुरांची. तिला दूध बेताचेच. आणि जे असे तेही बव्हंशी गोऱ्ह्यालाच पाजले जाई, कारण चांगल्या गोऱ्ह्याची किंमत दुधाच्या किमतीहून कितीतरी अधिक येई. कळपात निवडक वळू ठेवून बाकीचे खोंड बडविले जात अथवा विकले जात. गाय माजावर आली की नाही हे माणसाने पाहण्याचे कारणच पडत नसे, ते काम वळू करी. एकवीस दिवसांनी गाय उलटली नाही म्हणजे ती गाभण समजावी, एवढीच परीक्षा होती.

या व्यवस्थेचा आधार सातपुड्याचे व माळरानांचे गवत हा होता. पावसाळी चाऱ्याने सावरलेली गाय भाद्रपद-अश्विनात माजावर येई आणि सुमारे साडेनऊ महिन्यांनी ज्येष्ठ-आषाढात वीत असे. वासराला कोवळे गवत मिळावे या दृष्टीने हा काळ उत्तम. परंतु त्यामुळेच गर्भाची सर्वाधिक वाढ होणारे अखेरचे तीन महिने नेमके चैत्र-वैशाखाच्या टंचाईत सापडत. अशा गाईचे व्याल्यानंतर लवकर माजावर येणे दुष्कर होते. वर्षाला एक वासरू हवे, तर सुमारे दोनशे पंच्याऐंशी दिवसांचा गर्भकाळ वजा जाता गाय व्याल्यापासून ऐंशी दिवसांत पुन्हा फळली पाहिजे. अर्धपोटी गाईकडून ही अपेक्षा करणेच गैर होय.

१८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धाने कापसाचे भाव चढले, त्यामागून रेल्वे आली, आणि पडीक जमिनी नांगराखाली जाऊ लागल्या. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलांतील चराई ही वहिवाटीची बाब न राहता परवान्याची व शुल्काची झाली. म्हणजे बैलांची मागणी वाढत असतानाच बैल निपजविणाऱ्या गाईचे कुरण आक्रसत होते. १८९९-१९०० च्या दुष्काळात चाऱ्यावाचून अगणित गुरे मेली. शेतकऱ्याच्या गोठ्यात कडबा व सरकी बैलाच्या वाट्याला प्रथम जाई. भाकड गाईला उरलेसुरले. लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेतकी आयोगाने १९२८ च्या अहवालात हेच दुष्टचक्र मांडले : गाई निकस म्हणून बैल मिळावेत यासाठी त्या अधिक संख्येने पाळावयाच्या, आणि संख्या वाढली म्हणून त्या आणखी निकस व्हावयाच्या.

सरकारी उपाय मात्र मुख्यतः वळूभोवती फिरत राहिले. मुंबई इलाख्याच्या १९३३ च्या पशुधन सुधारणा कायद्याने अधिसूचित क्षेत्रांत निकृष्ट वळूंच्या खच्चीकरणाची तरतूद केली. पहिल्या पंचवार्षिक योजनेत केंद्रग्राम योजना येऊन कृत्रिम रेतन गावापर्यंत पोहोचू लागले. वळू सुधारणे आवश्यक होते यात शंका नाही. परंतु उपाशी गाय उत्तम वळूनेही फळत नाही, या साध्या गोष्टीकडे त्या मानाने दुर्लक्षच झाले. शिवाय कृत्रिम रेतनाने एक नवी जबाबदारी शेतकऱ्यावर टाकली. देशी गाईचा माज थोडा वेळ टिकतो व पुष्कळदा रात्री येतो. पूर्वी तो वळूला कळे. आता मालकाने तो ओळखून वेळेत दवाखाना गाठावयाचा. या घटकेची चूक झाली की एकवीस दिवस वाया. त्याच्या बदल्यात पशुवैद्याला दोन-तीन महिन्यांतच हाताने गर्भपरीक्षा करून निश्चित सांगता येऊ लागले, हा लाभ लहान नव्हे.

१९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशनसारख्या संस्थांनी संकरित पैदाशीचा महाराष्ट्रभर प्रसार केला, आणि गाईचे प्रयोजन बैलाकडून दुधाकडे वळले. पुढे ट्रॅक्टर आला. गोऱ्ह्याला गिऱ्हाईक कमी झाले, आणि २०१५ साली अमलात आलेल्या दुरुस्तीने बैल व वळू यांच्या कत्तलीवरही राज्यात बंदी आली. ठेलारी ज्या गोऱ्ह्यासाठी आपल्या वाटणीचे दूध सोडून देत, तो गोऱ्हा जन्मालाच येऊ नये यासाठी आज राज्यात लिंगनिर्धारित रेतमात्रा वापरल्या जात आहेत.